प्रमाणपत्रानंतरची पहिली डायव्हिंग सहल: ठिकाण कसे निवडावे

स्कूबा डायव्हिंगचे ओपन वॉटर, म्हणजे पहिल्या पातळीचे, प्रमाणपत्र हाती आले की पुढच्या सहलीचे वेध लागतात, आणि मग मांटा रे, शार्क किंवा बुडालेल्या जहाजांची छायाचित्रे पाहून ठिकाण ठरवले जाते. नवशिक्याने ही निवड दुसऱ्या टोकाकडून सुरू करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पॅडी किंवा एसएसआय या संस्थांचे हे प्रमाणपत्र आपल्याला 18 मीटर खोलीपर्यंत, आणि ज्या परिस्थितीत आपले प्रशिक्षण झाले तशाच किंवा त्याहून सोप्या परिस्थितीत, जोडीदाराबरोबर पाण्याखाली जाण्याची मुभा देते. या मुभेच्या पाठीशी खुल्या पाण्यातला अनुभव मात्र साधारण चारच डाइव्हचा असतो. म्हणून पहिल्या सहलीत पाण्याखाली निवांतपणे, पुरेसा वेळ आणि पुन्हा पुन्हा राहायला मिळेल, असे ठिकाण शोधावे. तरंगण्यावरचे नियंत्रण, श्वासाची लय आणि कान मोकळे करण्याची सवय या तिन्ही गोष्टी तशा पाण्यातच अंगवळणी पडतात.

एक खुलासा आधीच केलेला बरा. मालवण, गोवा किंवा अंदमानातील हॅवलॉक येथे प्रशिक्षकाने हात धरून करवलेली अर्ध्या तासाची अनुभव-डाइव्ह म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. ज्यांनी तेवढेच केले आहे, त्यांनी आधी पूर्ण कोर्स करावा. हा लेख त्यापुढच्या टप्प्याविषयी आहे.

पहिली पायरी: बेटाचे नाव बाजूला ठेवून डाइव्हच्या जागा तपासाव्यात

‘अंदमान नवशिक्यांसाठी चांगले का?’ या प्रश्नाला खरे उत्तर नाही, कारण एकाच बेटाच्या आसपास दहा मीटरवरची शांत वाळूही असते आणि तीस मीटरवरचा, जोराच्या प्रवाहातला खडकही असतो. त्यामुळे डाइव्ह सेंटरच्या संकेतस्थळावर किंवा फोनवर विचारताना प्रत्येक जागेचे नाव घेऊन विचारावे: तळ किती खोल आहे, प्रवाह साधारण किती असतो, पाण्यात किनाऱ्यावरून उतरायचे की बोटीवरून, आणि खाली उतरताना धरायला दोर असतो का.

या प्रश्नांमध्ये तळाची खोली मी सर्वांत महत्त्वाची मानतो. तळ 12 ते 15 मीटरवर असलेल्या जागी नवशिक्याचे नियंत्रण थोडे सुटले तरी तो फार खाली जाऊ शकत नाही, कारण वाळूच त्याला थांबवते. जिथे उभी कडा थेट चाळीस-पन्नास मीटर खाली जाते, तिथे असा आधार नसतो आणि मासे पाहण्याच्या नादात आपण कधी 25 मीटरवर पोचलो हे डाइव्ह कॉम्प्युटरकडे, म्हणजे खोली आणि वेळ दाखवणाऱ्या यंत्राकडे, पाहिल्याशिवाय कळत नाही.

खोलीचा दुसरा परिणाम हवेवर होतो, आणि तो एकदा आकड्यांत मांडून पाहण्यासारखा आहे. सर्वत्र वापरला जाणारा ॲल्युमिनियमचा सिलिंडर साधारण 11 लिटरचा असतो आणि 200 बार दाबाने भरला तर त्यात सुमारे 2200 लिटर हवा मावते. वर येताना 50 बार शिल्लक असलेच पाहिजेत हा नियम पाळला, तर वापरायला 1650 लिटर उरतात. नवशिका डायव्हर पृष्ठभागावरच्या हिशेबाने मिनिटाला 20 लिटर हवा सहज घेतो. दहा मीटरवर एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, म्हणून तिथे तो 40 लिटर घेईल आणि त्याला 41 मिनिटे मिळतील. 18 मीटरवर हाच वापर 56 लिटरवर जातो आणि वेळ 29 मिनिटांवर येतो. शिकण्यासाठी लागणारा वेळ उथळ पाण्यात अधिक मिळतो. शिवाय प्रवाळांचे लाल-नारिंगी रंग वरच्या थरातच टिकतात, खाली सगळे निळसर करडे दिसू लागते. उथळ डाइव्हमध्ये आपण काही गमावतो, ही समजूत त्यामुळे मनातून काढून टाकावी.

उतरण्याच्या पद्धतीबद्दल एवढेच सांगतो, की वाळूच्या किनाऱ्यावरून चालत जाणे सर्वांत सोपे, शांत पाण्यात बोटीवरून दोर धरून उतरणे तितकेच चांगले, आणि हवा काढलेल्या बीसीडीसह, म्हणजे तरंगण्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या जाकिटासह, बोटीवरून उडी मारून थेट खाली जाण्याचा प्रकार पहिल्या सहलीत टाळावा. ज्यांचे कान हळू मोकळे होतात त्यांच्यासाठी दोर फार उपयोगी असतो: पाय खाली ठेवून, हाताने दोर पकडून, वीत-वीत उतरता येते, आणि कानात दुखले तर हातभर वर सरकून पुन्हा प्रयत्न करता येतो.

दुसरी पायरी: सुट्टी कधी आहे ते पाहून समुद्र निवडावा

आपल्याकडे सुट्ट्या दिवाळी, नाताळ, मे महिना किंवा फार तर गणपतीच्या आगेमागे मिळतात, आणि समुद्र मात्र स्वतःच्या ऋतूंनुसार चालतो. त्यामुळे ठिकाण आधी ठरवून तारखा नंतर बसवण्यापेक्षा तारखा हातात घेऊन त्या काळात शांत असलेला समुद्र शोधावा.

कोकण, गोवा आणि कारवारचा किनारा पावसाळ्यात बंदच असतो. पाणी निवळायला ऑक्टोबर उजाडतो. अंदमानचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत असतो आणि जानेवारी ते एप्रिल हा त्यातला उत्तम काळ. मोसमी पाऊस केरळात येण्याआधी अंदमानात पोचतो, हे मेच्या शेवटच्या आठवड्याची विमान तिकिटे काढणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. थायलंडच्या आखातातल्या कोह ताओ बेटाचे वेळापत्रक वेगळे आहे. तिथे ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत, विशेषतः नोव्हेंबरमध्ये, जोराचा पाऊस आणि खवळलेला समुद्र असतो. म्हणजे दिवाळीची सुट्टी तिथे वाया जाण्याची शक्यता मोठी, तर मेची सुट्टी सत्कारणी लागते. बालीत एप्रिल ते ऑक्टोबर हे कोरडे महिने असल्यामुळे आपल्याकडे पाऊस असताना तिथे जाता येते. श्रीलंकेत तर एकाच देशाच्या दोन किनाऱ्यांचे हंगाम आलटून-पालटून येतात: नैर्ऋत्येकडील उनावटुना आणि हिक्कडुवा येथे नोव्हेंबर ते एप्रिल, तर पूर्वेकडील त्रिंकोमालीजवळच्या निलावेली येथे मे ते सप्टेंबर.

महिन्यानंतर तिथीही पाहावी. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, तेव्हा पाणी जास्त चढते-उतरते, प्रवाह जोरकस होतो आणि कोकणासारख्या गाळाच्या किनाऱ्यावर तळ ढवळून पाणी गढूळ होते. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती असते आणि पाण्याची हालचाल सर्वांत मंद असते. कोळी बांधवांना हे गणित तोंडपाठ असते. आपण दिनदर्शिका उघडून डाइव्हचे दिवस शक्यतो अष्टमी ते दशमीच्या सुमारास येतील असे बघितले, तर बिनखर्चात पाणी थोडे सोपे होते. वारा आणि लाटा यांवर तिथीचे नियंत्रण नसते, त्यामुळे हवामानाचा अंदाज वेगळा पाहावाच लागतो.

तिसरी पायरी: ठिकाणांची तुलना

भारतातल्या भारतात, पारपत्राशिवाय, पहिल्या सहलीसाठी मी हॅवलॉक, म्हणजे आताचे स्वराज द्वीप, सुचवीन. श्री विजयपुरमपर्यंत, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरपर्यंत, विमानाने आणि पुढे फेरीने तिथे पोचता येते. पहिल्या दिवशी निमो रीफसारख्या किनाऱ्यालगतच्या जागी उतरावे: कमरेएवढ्या पाण्यापर्यंत चालत जायचे, तिथे उभे राहून फिन्स, म्हणजे पोहण्यासाठी पायात घालायचे पंख, चढवायच्या, मास्क नीट बसला का ते पाहायचे, आणि मग वाळूच्या उतारावरून हळूहळू खोल जायचे. काही चुकले तर उभे राहता येते, ही जाणीवच श्वास निम्मा शांत करते. त्यानंतरचे दोन दिवस लाइटहाऊस किंवा ॲक्वेरियम यांसारख्या उथळ जागी बोटीने जावे. जॉनीज गॉर्ज आणि डिक्सन्स पिनॅकल ही तिथली सर्वांच्या तोंडी असलेली नावे आहेत, पण त्यांचा बराचसा भाग 18 मीटरच्या खाली येतो. बोटीवरच्या बाकीच्यांना तिकडेच जायचे असले तरी आपण नम्रपणे नकार द्यावा आणि त्या दिवशी दुसरी बोट मागावी. अंदमानात सूर्य लवकर उगवतो आणि लवकर मावळतो, त्यामुळे बोटी पहाटेच निघतात हेही ध्यानात असू द्यावे. शेजारचे नील, म्हणजे शहीद द्वीप, अधिक शांत आहे. गर्दी नको असेल त्यांनी तिथे राहावे. लक्षद्वीपचे पाणी नितळ आणि सरोवरासारखे आहे, मात्र प्रवेश परवाना आणि मोजकी राहण्याची सोय यांमुळे बरीच आधी तयारी करावी लागते.

परदेशात जायचे असेल तर माझी पहिली पसंती बालीच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या तुलांबेन गावाला आहे. यूएसएटी लिबर्टी हे अमेरिकी मालवाहू जहाज जानेवारी 1942 मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने निकामी झाले, ओढून या किनाऱ्यावर आणून लावले गेले, आणि 1963 मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात पाण्यात सरकले. किनाऱ्यापासून जेमतेम तीस-चाळीस मीटरवर ते आडवे पडले आहे. त्याचा वरचा भाग पाच-सहा मीटरवर सुरू होतो आणि खालचा तीस मीटरच्या जवळ जातो, त्यामुळे नवशिक्याला पूर्ण डाइव्ह 15 मीटरच्या आत ठेवून जहाज पाहता येते. एवढ्या सोयीने बुडालेले जहाज पाहायला मिळणारी जागा जगात क्वचितच सापडेल. सिलिंडर किनाऱ्यापर्यंत नेण्याचे काम गावातल्या महिला करतात; डोक्यावर सिलिंडर घेऊन त्या गोट्यांवरून सराईतपणे चालत जातात. आपल्याला मात्र तिथेच जपावे लागते. किनारा काळ्या, गोलसर दगडांचा आहे, पायाखाली दगड सरकतात, आणि लाट आली की तोल जातो. म्हणून जाड तळव्याचे बूट घालावेत, मास्क आणि रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा घेण्याचे साधन, तोंडावर ठेवूनच पाण्यात शिरावे, लाटेच्या खळग्यात न रेंगाळता कमरेएवढ्या पाण्यापुढे जावे आणि मगच फिन्स घालाव्यात. दक्षिण बालीतून येणाऱ्या एका दिवसाच्या पर्यटकांमुळे सकाळी उशिरा गर्दी होते. गावातच मुक्काम करून सूर्योदयाच्या सुमारास उतरल्यास जहाज जवळपास रिकामे मिळते. जहाजाच्या आत शिरण्याचा मोह आवरावा, कारण छताखाली जाण्याचे प्रशिक्षण आपण घेतलेले नसते. बालीचाच भाग म्हणून शेजारच्या नुसा पेनिदा बेटाची सहल बरोबर विकली जाते, ती या वेळी घेऊ नये. तिथला प्रवाह जोराचा, कधी खाली ओढणारा, आणि पाणी थंड असते.

कोह ताओ हे जगातल्या सर्वाधिक गजबजलेल्या प्रशिक्षण-केंद्रांपैकी एक आहे. जॅपनीज गार्डन्स, ट्विन्स, व्हाइट रॉक या जागा नवशिक्यांच्या मर्यादेत बसतात. तोटा म्हणजे गर्दी: एकाच खडकाभोवती अनेक गट फिरतात आणि आपला गट चुकून दुसऱ्यांच्या मागे जाण्याचे प्रकार घडतात, म्हणून मार्गदर्शकाच्या फिन्सचा रंग लक्षात ठेवावा.

मालदीवविषयी सर्वाधिक विचारणा होते. तिथल्या प्रसिद्ध डाइव्ह प्रवाळद्वीपांमधल्या खाड्यांत, वाहत्या पाण्यात होतात आणि बोटीवर राहून केल्या जाणाऱ्या सहलींसाठी बहुधा ॲडव्हान्स्ड, म्हणजे ओपन वॉटरपुढचे, प्रमाणपत्र आणि आधीचा अनुभव मागितला जातो. बेटाला लागून असलेल्या प्रवाळावर डाइव्ह करायच्या असतील तर मालदीव चालेल. खाड्यांसाठी पुढच्या वर्षी जावे.

महाराष्ट्र आणि आसपासचा विचार करता मालवण-तारकर्ली हे प्रशिक्षणाची उजळणी करण्यास सोयीचे ठिकाण आहे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था तारकर्लीला आहे. खुल्या समुद्रात मात्र अनेकदा हाताच्या अंतरापलीकडचे धूसर दिसते, आणि ज्याचे प्रशिक्षण नितळ पाण्यात झाले त्याच्यासाठी कमी दृश्यमानता ही नवी आणि कठीण परिस्थिती असते. गोव्यातल्या ग्रांदे बेटालाही हेच लागू आहे. त्या मानाने मुरुडेश्वरसमोरचे नेत्राणी बेट अधिक नितळ पाणी देते आणि कोकण रेल्वेने रात्रीत पोचता येते. फक्त बोटीचा दीड तासाचा प्रवास उघड्या समुद्रातून होतो, तेव्हा ज्यांना बोट लागते त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी आधीच घ्यावी. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या आंग्रिया बँकेचे आकर्षण मराठी डायव्हरला वाटणारच. तिचा माथाच वीस मीटरच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या मर्यादेच्या खाली. ती ॲडव्हान्स्डनंतरची गोष्ट आहे.

चौथी पायरी: डाइव्ह सेंटरला विचारायचे प्रश्न

ठिकाण चांगले आणि सेंटर निष्काळजी असेल तर सहल धोक्याची होते. उलट चांगला मार्गदर्शक मध्यम जागेलाही सुरक्षित करतो. म्हणून पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारावे: एका मार्गदर्शकामागे किती जण असतील, आणि ते आमच्याच पातळीचे असतील का, पहिल्या डाइव्हची कमाल खोली किती ठेवाल, प्रत्येकाला स्वतंत्र डाइव्ह कॉम्प्युटर मिळेल का, बोटीवर प्राणवायूचा संच आहे का, आणि सर्वांत जवळचा दाबकक्ष, म्हणजे डाइव्हनंतर होणाऱ्या दाबाच्या आजारावर उपचार करण्याची खोली, कुठे आहे. माझ्या मते नवशिक्यांच्या गटात एका मार्गदर्शकामागे चारपेक्षा अधिक माणसे नसावीत, दोन असल्यास उत्तम.

उत्तरांचा सूरही पाहावा. ‘मागची डाइव्ह कधी केलीत, एकूण किती झाल्या’ हे ज्या सेंटरने स्वतःहून विचारले ते बहुधा योग्य असते. ‘काही काळजी करू नका, आम्ही सगळे बघतो’ एवढेच उत्तर प्रत्येक प्रश्नाला आले, किंवा 18 मीटरच्या पुढे नेण्याचे आमिष दाखवले गेले, तर दुसरे सेंटर शोधावे. खुद्द पाण्यातही कोणत्याही क्षणी डाइव्ह थांबवण्याचा अधिकार प्रत्येक डायव्हरला असतो, आणि त्यासाठी कारण द्यावे लागत नाही. हे जोडीदाराशी आधीच बोलून ठेवावे, विशेषतः नवरा-बायको किंवा बाप-लेक एकत्र जात असतील तेव्हा, कारण आपल्या माणसाचा हिरमोड होऊ नये म्हणून गप्प राहणे हे पाण्याखाली घातक ठरते.

पाचवी पायरी: दिवसांची आखणी

पहिल्या सहलीत दिवसाला दोन डाइव्ह पुरेशा आहेत, आणि सलग तीन दिवसांनंतर एक दिवस मोकळा असावा. शेवटची डाइव्ह आणि परतीचे विमान यांत अंतर ठेवणे हा आखणीतला सर्वांत कडक नियम, कारण डाइव्हमध्ये शरीरात विरघळलेला नायट्रोजन उंचीवरच्या कमी दाबात बुडबुडे होऊन त्रास देऊ शकतो. एकच साधी डाइव्ह केली असेल तर किमान 12 तास आणि अनेक दिवस, अनेक डाइव्ह केल्या असतील तर किमान 18 तास थांबावे, अशी मार्गदर्शक शिफारस आहे. मी सरसकट 24 तास धरायला सांगतो. हॅवलॉकच्या सहलीत हे आपोआप जमते, कारण परतीच्या फेरीचा आणि मुक्कामाचा दिवस मध्ये येतो. सरकारी वा खासगी फेरी खराब हवामानात रद्द होऊ शकते, हेही त्या मोकळ्या दिवसामागचे एक कारण समजावे.

विमान नसले म्हणजे हा नियम संपला, असे नाही. ही शिफारस सुमारे 600 मीटरपासून पुढच्या उंचीला लागू होते, आणि आंबोली समुद्रसपाटीपासून जवळपास 700 मीटरवर आहे. रविवारी दुपारी समुद्रातून वर येऊन संध्याकाळीच गाडीने आंबोली घाट चढणारे डायव्हर्स या मर्यादेत येतात. मालवणच्या उथळ डाइव्हनंतर धोका कमी असला तरी रात्रीचा मुक्काम किनाऱ्यावर करून सकाळी घाट चढणे शहाणपणाचे. बालीतही डाइव्हच्या दिवशी किंतामणीला किंवा आगुंगच्या चढाईला जाऊ नये. डोंगर आधी, समुद्र नंतर असा क्रम लावावा.

सहावी पायरी: निघण्यापूर्वी

कोर्स होऊन सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला असेल तर उजळणीचे सत्र अवश्य घ्यावे. मास्कमधले पाणी काढणे, तोंडातून सुटलेला रेग्युलेटर परत मिळवणे, जोडीदाराची पर्यायी हवा घेणे ही कौशल्ये तलावात पुन्हा केली की हात आठवू लागतात. उपकरणे भाड्याने मिळतात. स्वतःचे काही घ्यायचेच असेल तर चेहऱ्याला नीट बसणारा मास्क घ्यावा. चष्मा असणाऱ्यांनी नंबराची काच बसवलेला मास्क आधीच करून घ्यावा, कारण बेटावर आपला नंबर मिळेलच असे नाही, आणि दाबमापक वाचता न येणे ही मोठी अडचण आहे.

सर्दी असताना पाण्यात उतरू नये. औषध घेऊन नाक मोकळे केले आणि त्याचा परिणाम पाण्याखालीच ओसरला, तर वर येताना कानात किंवा सायनसमध्ये हवा अडकते. दमा, हृदयविकार, मधुमेह किंवा अलीकडची शस्त्रक्रिया असल्यास वैद्यकीय प्रश्नावलीत खरे लिहावे आणि डॉक्टरांचे पत्र घरूनच घेऊन जावे. तिथे पोचल्यावर ते मिळवताना सुट्टीचे दोन दिवस जातात. प्रवास विमा घेताना त्यात स्कूबा डायव्हिंगचा समावेश आहे का आणि कोणत्या खोलीपर्यंत, हे पॉलिसीच्या मजकुरात वाचावे. दाबकक्षातले उपचार आणि बेटावरून रुग्णाला हलवणे या दोन्हींचा खर्च मोठा असतो. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे डॅन, ही संस्था खास डायव्हर्ससाठी विमा आणि वैद्यकीय सल्ला देते.

सहलीतल्या प्रत्येक डाइव्हनंतर लॉगबुकात खोली आणि वेळ यांबरोबर किती किलो वजन लावले, वेटसूट किती जाडीचा होता, सिलिंडर ॲल्युमिनियमचा की पोलादी, आणि सुरुवातीला व शेवटी किती बार होते, या चार गोष्टी नोंदवाव्यात. पुढच्या सेंटरवर गेल्यावर ‘वजन किती लागेल?’ या पहिल्याच प्रश्नाला त्यातून उत्तर मिळते, आणि पहिल्या दिवसाच्या आणि शेवटच्या दिवसाच्या बारमधला फरक पाहून ॲडव्हान्स्ड कोर्ससाठी आपण तयार आहोत का, हे मार्गदर्शकाशी बोलून ठरवता येते.